अनुभव धागा: निवडणूक फोनमध्ये शिरली तेव्हा

कोरांटी
रस्त्याकडच्या भिंतीचा रंग खरवडायला माणसं आली होती. वरचे थर निघाले तसं खाली गेरूने काढलेलं जुनं निवडणूक चिन्ह दिसायला लागलं. अर्धवट, पण ओळखू येण्याइतकं. वडील दर निवडणुकीला चिडायचे, न विचारता भिंत रंगवली म्हणून. आम्ही पोरं मात्र बिल्ल्यांसाठी जीपमागे धावायचो. बिल्ला कुठल्या पक्षाचा याच्याशी देणंघेणं नाही, कोणाकडे जास्त जमले एवढंच. 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' भोंग्यावर इतकं ऐकलंय की पुढे कुठलंही चिन्ह आलं तरी चाल तीच.

आता प्रचार थेट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. २०१९ च्या लोकसभेला आमच्याकडे एका व्हिडिओवरून थोरले काका आणि आत्याचे यजमान यांच्यात जुंपली. आयुष्यभर एकमेकांच्या अडीनडीला धावलेली माणसं. शेवटी आत्याने सेटिंग बदलून फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं केलं. ग्रुप शांत झाला, पण त्या दोघांचं बोलणं अजून तुटक आहे. आणि व्हिडिओ कोणी बनवला ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला याचं फार वाईट वाटतं.

तुमच्याकडे काय झालं? पक्षांची नावं नकोत, अनुभव लिहा.

झुळूक
अगं, आमच्याकडे साडू-साडूंचं असंच. दिवाळीला एक जण सकाळी येतो, दुसरा संध्याकाळी.

तळटीप
मी पलीकडच्या बाजूने लिहितो. २०१९ च्या विधानसभेला एका उमेदवाराच्या वॉर रूममध्ये, म्हणजे प्रचार चालवायच्या खोलीत होतो. नाव मोठं, पण खोली साधी. खूप चार्जर आणि भिंतीला लावलेली बूथनिहाय मतदार यादी. प्रत्येक बूथचा वेगळा ग्रुप. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ च माणसं मावायची, म्हणून एकाच भागाचे दोन-दोन, तीन-तीन ग्रुप. त्यातच २०१८ पासून आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येत होतं, त्यामुळे एकाच फोनवरून सगळीकडे पाठवणं बंद झालेलं. मग माणसं जोडावी लागत. ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकदम अनेकांना वेगवेगळा जाणारा मेसेज तर ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. म्हणून 'या नंबरवर मिस्ड कॉल द्या, नंबर सेव्ह करा' ही विनंती आधी, प्रचार नंतर.

पाणीपुरवठा योजनेची माहिती मी फार मेहनतीने सोपी करून लिहिली होती. ती कोणीही पुढे पाठवली नाही. विरोधी उमेदवार स्टेजवर अडखळला त्याची छोटी क्लिप संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरून आमच्याकडेच परत आली. पुढे पुढे आम्ही योजना लिहिणंच सोडलं. चांगला प्रश्न असलेला माणूस तिथे कामाचा नसतो, चिडलेला माणूस कामाचा असतो. मी त्यानंतर ते काम घेतलं नाही.

गणितमास्तर
तळटीप, लोकांचे फोन नंबर कुठून मिळायचे ते सांगा. आमच्या सोसायटीत सगळ्यांना नावानिशी मेसेज आले होते. मतदार यादीत तर फोन नंबर नसतो.

तळटीप
सर, तयार याद्या यायच्या. विचारलं की 'तुला काय करायचंय' हे उत्तर. मलाही तेव्हा ते खटकलं होतं.

उंबरठा
मी ग्रामपंचायतीला उभी होते, महिला राखीव जागेवर. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतात. प्रचार म्हणजे बचत गटाचा ग्रुप आणि संध्याकाळी घरोघर. एके रात्री माझा फोटो फिरला. चेहरा माझा, बाकी सगळं दुसऱ्याचं. सासूबाईंना आधी कळलं, शेजारच्या मुलाने दाखवला

कुकर लावलाय, येते

अबोली
उंबरठाताई, सावकाश लिहा. आम्ही आहोत.

पहिलंमत
माझं २०२४ ला पहिलंच मतदान. खरं सांगू, कंटाळा होता. सकाळी स्टेटस बघायला घेतले तर वर्गातल्या निम्म्या मुलींची शाई लावलेली बोटं. एकीने तर आजीच्या बोटाला बोट लावून काढलेला फोटो. मी तशीच उठले आणि आईला घेऊन गेले. कुठल्याही नेत्याच्या रीलने मला उठवलं नव्हतं.

गणितमास्तर
तुझ्या बाबतीत झालं ते मोजूनही पाहिलंय लोकांनी. २०१० मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने सुमारे ६ कोटी १० लाख लोकांवर प्रयोग केला. काहींना फक्त 'आज मतदान आहे' असं दाखवलं, काहींना सोबत मत देऊन आलेल्या मित्रांचे चेहरेही दाखवले. नुसत्या सूचनेने फरक पडला नाही, चेहरे दिसल्यावर पडला. जवळच्या मित्रांच्या प्रभावासकट एकूण सुमारे ३ लाख ४० हजार मतं वाढली असा अंदाज २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. फरक माणशी अगदी बारीक होता, पण संख्या प्रचंड, म्हणून एवढा आकडा. मला यात आशाही वाटते आणि धास्तीही, कारण ती सूचना कोणाला दाखवायची हे एकाच कंपनीच्या हातात होतं.

झुळूक
शाई किती दिवस टिकते हो? माझं नख वाढून जाईपर्यंत होती.

अबोली
म्हैसूरला बनते ती. सिल्व्हर नायट्रेट असतं, उन्हाने आणखी काळी पडते. घासू नको, काही उपयोग नाही.

उंबरठा
आले. तर तो फोटो. मिस्टर म्हणाले अर्ज मागे घेऊ, पण ती मुदत संपून गेली होती. मी दोन वेळा जेवले नाही. मग बचत गटातल्या बायका घरी आल्या. त्यातल्या एकीने सांगितलं, तुम्ही ग्रुपवर काही लिहू नका, खुलासा वाचायला कोणी थांबत नाही, आपण जाऊ. आणि आम्ही गेलो. जिथे जिथे फोटो पोचला असेल त्या प्रत्येक घरी. मी काही बोलायचे नाही, बायकाच बोलायच्या. 'ही समोर उभी आहे, हिला विचारा.' पुरुष खाली बघायचे. सायबरकडे तक्रार दिली, कागद घेतला, पुढे काही कळवलं नाही.

मी निवडून आले. पण माझ्यानंतर पुढच्या वेळी उभी राहणार होती त्या मुलीने फोटो बघूनच तो विचार सोडला. त्या एका फोटोने दोन बायकांना घरी बसवायचं होतं, एकीला बसवलंच. ती शिकलेली होती, माझ्यापेक्षा चांगलं काम केलं असतं तिने.

कोरांटी
ताई, काय बोलू. तुम्हाला आणि तुमच्या मैत्रिणींना नमस्कार.

निवांत
उंबरठाताईंचं वाचून सांगावंसं वाटलं. कागदी पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं कायद्याने सक्तीचं आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ. लोकसभेला मी अशाच एका नाव नसलेल्या फलकाची निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार केली होती. ॲपमध्ये तिथल्या तिथे फोटो काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. शंभर मिनिटांत निकाल लावायचा नियम आहे. आमच्याकडे माणसं त्याआधीच आली आणि फलक उतरला. मग वाटलं, भिंतीवरच्या कागदाला मालक लागतो आणि हजारो फोनवर फिरणाऱ्या फोटोला लागत नाही! पैसे देऊन केलेली जाहिरात असेल तर आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं, फेसबुकवर पैसे कोणी भरले तेही बघता येतं. फॉरवर्डला मात्र काहीच नाही.

झुळूक
आणि शेवटच्या ४८ तासांत प्रचार बंद म्हणतात, माझा फोन तर त्याच दिवशी सगळ्यात जास्त वाजतो.

खडूफळा
मी शाळेत शिकवते, निवडणूक ड्युटी ठरलेली. एकदा केंद्राध्यक्ष होते. दुपारी एक गृहस्थ आले, यादीत नाव नाही. फोन आत आणता येत नाही म्हणून त्यांनी व्हॉट्सॲपवरचा मेसेज चक्क छापून आणला होता. 'नाव नसेल तर आधार दाखवा, ४९-अ खाली चॅलेंज व्होट मागा. १४ टक्क्यांहून जास्त टेंडर मतं पडली तर फेरमतदान.' तुम्हीही वाचला असेल.

त्यांना बाजूला बसवून समजावलं. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, कुठलंही ओळखपत्र असो. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर मात्र नियम ४९-पी आहे. तुमची ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, त्याला प्रदत्त मत म्हणतात, तेच टेंडर मत. आक्षेप म्हणजे चॅलेंज, तो उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी दोन रुपये भरून दुसऱ्याच्या ओळखीवर घेतो. आणि १४ टक्क्यांचं असं काही नियमांत नाहीच. अर्धं खरं, अर्धं खोटं एकत्र मळलेलं होतं, म्हणूनच ते खरं वाटतं.

गृहस्थ ओरडले नाहीत. डोळे भरले त्यांचे. 'मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी वेळेत फॉर्म भरला असता' म्हणाले. त्या मेसेजने त्यांना महिनाभर निर्धास्त ठेवलं होतं. राग आला मला, आजही येतो.

अबोली
हे वाचून आठवलं, गेल्या निवडणुकीत सासूबाईंना फोन आला. नेत्याचा हुबेहूब आवाज, आणि चक्क सासूबाईंचं नाव घेऊन नमस्कार. सासूबाई उलट बोलायला लागल्या, घरासमोरच्या गटाराचं सांगू लागल्या. समोरून आपलं भाषण चालूच. 'ऐकत नाही गं तो' म्हणाल्या. त्यांना कसं सांगणार की पलीकडे माणूसच नाही.

झुळूक
गटाराचं झालं का मग?

अबोली
नाही.

मेथीकूट
विषय सोडून विचारतेय. ग्रुपमधून बाहेर पडलं तर सगळ्यांना कळतं का? भावकीचा ग्रुप आहे.

तळटीप
२०२२ पासून फक्त ॲडमिनला कळतं. नाहीतर म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका, नात्याला धक्का नाही.

मेथीकूट
ॲडमिन माझे दीर आहेत. म्यूटच करते.

निवांत
कोरांटी, त्या भिंतीला ओल आहे का? असेल तर आधी प्लास्टर बघून घे, मगच प्रायमर.

पहिलंमत
खडूफळा बाई, माझा भाऊ ऑक्टोबरमध्ये १८ चा होतोय. मतदार यादीत नाव घालायला जानेवारीपर्यंत थांबावं लागेल का?

खडूफळा
वाढदिवस एक तारखेलाच असेल तर नाही. आता वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १ ऑक्टोबरनंतर असेल तर जानेवारीची तारीख लागू होईल. पण १७ पूर्ण असतील तर नाव नोंदणीचा फॉर्म ६ आगाऊ भरता येतो, आजच भरायला सांग. अडलं तर मतदारांच्या मदत क्रमांकावर, १९५० वर फोन करा.