गोकाकच्या कातळावर ओळीने गोल खड्डे: डायनोसॉरची पावलं असतील का?

घटप्रभाकाठ:
गोकाक धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीपात्रातल्या वालुकाश्मावर ओळीने गोल खड्डे आहेत. व्यास ४० ते ५५ सेंमी, खोली २५ च्या आसपास. दोन खड्ड्यांतलं अंतर कुठे एक मीटर, कुठे अडीच. सॉरोपॉडची, म्हणजे लांब मानेच्या, चार पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरची पावलं अशीच गोल असतात ना? खात्री कशी करायची?

कातळवेडा:
आधी दगडाचं वय बघा, आकार नंतर. हा वालुकाश्म कलादगी खोऱ्यातला (म्हणजे प्राचीन गाळ साचलेल्या खोलगट भागातला), ५४ कोटी वर्षांहून जुना. डायनोसॉर आले साधारण २३ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे इथे त्यांचं पाऊल शक्यच नाही. हे रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगरत कातळ कोरतात. तळातला गाळ उपसलात तर गुळगुळीत गोटे बहुधा हाताला लागतील. सगळ्यात भरवशाची खूण कडेला दिसते: खळग्यात दगडाचे थर सरळ कापले जातात. पावलाखाली तेच थर खाली वाकतात आणि दाबलेला चिखल कडेने वर येऊन वरंबा होतो.

थरावरथर:
अंतरं अशी अनियमित असतील तर चाल नव्हेच. सॉरोपॉडचा मागचा ठसा मोठा, लांबट गोल; पुढचा लहान, अर्धचंद्रासारखा, त्याच्या जरा पुढे. ही जोडी डावी-उजवी आलटून पालटून यायला हवी. कधी मागचा पाय पुढच्या ठशावर पडून तो पुसतो, तेव्हा एकट्या ठशावरून निष्कर्ष नको.
माप घेताना एकाच पायाच्या सलग दोन ठशांमधलं अंतर घ्या. कमरेची उंची पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट धरतात. मग प्राणिशास्त्रज्ञ ॲलेक्झांडरच्या १९७६ च्या सूत्राने वेग निघतो: ७५ सेंमीचं पाऊल आणि अडीच मीटर अंतर असेल तर ताशी साडेतीन किमीच्या जवळपास. मात्र बऱ्याचदा आपल्याला दिसते ती पावलाखालच्या थरावर उतरलेली दाबाची छाप. तिच्या कडा पुसट असतात, तिथे लांबीच चुकते आणि वेगही.

घटप्रभाकाठ:
समजलं. मग आपल्या भागात योग्य वयाचा दगड आहेच की नाही? आणि पुढे खरंच काही दिसलं तर नोंद कशी ठेवायची?

कातळवेडा:
आहे की. गोकाक परिसरात बसाल्टच्या (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाच्या) दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ आहे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यातून सूक्ष्म जीवांचे अवशेष मिळालेत. डायनोसॉरची मोठी हाडं बघायची तर चंद्रपूरकडचं पिसदुरा गाव.
नोंदीसाठी सावलीत, प्रत्येक फोटो आधीच्यावर ७० टक्के चढेल असे चारी बाजूंनी फोटो काढा, मोजपट्टी चौकटीत ठेवा. संगणकावर त्यातून त्रिमितीय प्रतिमा बनते. शिवाय सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात एक फोटो घ्या, उथळ कडा त्यातच उठतात. प्लॅस्टर थेट ओतू नका: ते दगडाच्या छिद्रांत धरतं आणि निघताना ठशाचा पापुद्राच उचकटतं. खडूने कडा रंगवणंही टाळा, रेघ कुठे मारायची हे आपणच ठरवलेलं असतं आणि पुढचा माणूस तीच रेघ मोजतो.