अमेरिकेच्या दक्षिणेतलं, आजी-आई-लेकीचं काय वाचावं?

पानवेडी: मिसिसिपी, लुइझियाना, अलाबामा या भागातली, एकाच घराण्यातल्या बायकांची कादंबरी हवी आहे. गोडमिट्ट नको. मागच्या वेळी व्हरांडा, झुलती खुर्ची आणि प्रेमळ आजी यांतच तीनशे पानं गेली. त्या घरात राबणारी बाई मात्र फक्त ट्रे घेऊन यायची!

जुना_वाचक: मग युडोरा वेल्टीची ‘डेल्टा वेडिंग’ (१९४६). काळ १९२३चा. लग्नघर, आत्या-मावश्यांचा गोतावळा, आणि हे सगळं बघणारी नऊ वर्षांची आईविना लॉरा. कथानक म्हणाल तर फार नाही.

रेवा_क: पानवेडी, तुम्हाला खरं तर लॅलिटा टेडमी यांची ‘केन रिव्हर’ (२००१) हवी. नोकरी सोडून त्यांनी स्वतःच्याच पूर्वजांचे कागद शोधले. लुइझियानातल्या गुलामगिरीपासून चार पिढ्यांच्या बायका, मधेमधे खरे दस्तऐवज आणि फोटो. मुलांची कातडी पिढीगणिक उजळत जाते. त्यामागची गोऱ्या पुरुषांची बळजबरी आणि हिशेब लेखिका लपवत नाही. सलग वाचवत नाही हो, मी तर मधे ठेवून दिली होती.

पानवेडी: रेवाताई, हीच घेते. वेल्टी नंतर, लग्नघराला जरा निवांतपणा लागतो.