मदत हवी आहे: लिनक्समध्ये कोणती मेमरी पेजेस बदलली ते नेमकं कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मिठी नदीच्या खोऱ्यात पाऊस पडला की कुठे किती पाणी चढेल, याचं गणित करणारा प्रोग्राम लिहितेय. विहार-पवई तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंतचा भाग बारीक चौकटींत विभागलाय. कसोटीला २६ जुलै २००५ चा पाऊस घेतलाय (सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी). एक रन रात्रभर चालतो आणि मध्येच मशीन बंद पडलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून ठरावीक वेळाने मेमरी डिस्कवर उतरवून ठेवायची आहे. पण अ‍ॅरे ८ जीबीचा, दर वेळी अख्खा लिहिणं परवडत नाही. मागच्या वेळेनंतर बदललेली पेजेस (मेमरीचे ४ केबीचे तुकडे) तेवढी लिहायची आहेत.

पेज टेबलमधला (कोणतं पेज मेमरीत कुठे आहे याची यादी) डर्टी बिट, म्हणजे 'हे पेज बदललं' ही खूण, सीपीयू स्वतः चढवतो, पण त्यावर कर्नलचं स्वतःचं काम चालतं: फाइलचं कोणतं पेज डिस्कवर परत लिहायचं, स्वॅपमध्ये काय टाकायचं. तो आपल्यासाठी पुसता येत नाही. म्हणून मी सॉफ्ट-डर्टी बिट वापरतेय. क्रियू (चालू प्रोसेस डिस्कवर उतरवून पुन्हा सुरू करणारं साधन) प्रकल्पाच्या गरजेतून तो कर्नल ३.११ मध्ये, २०१३ साली आला. प्रोसेसच्या 'क्लिअर_रेफ्स' फाइलीत ४ लिहिलं की कर्नल सगळ्या पेजेसवरचा हा बिट पुसतो आणि लिहिण्याची परवानगी काढून घेतो. पुढच्या पहिल्या लिखाणाला फॉल्ट होतो (सीपीयू अडतो आणि काम कर्नलकडे देतो), कर्नल बिट चढवतो, परवानगी परत देतो. मग 'पेजमॅप' फाइलीत ५५वा बिट बघायचा. दर पेजला ८ बाइट, म्हणजे २१ लाख पेजेससाठी फक्त १६ एमबी वाचायचे. फार सुंदर योजना आहे ही.

अडचण अशी, की पाऊस नुकता सुरू झालेला असतो, पाणी पात्रातच असतं, तरी निम्म्याहून जास्त अ‍ॅरे डर्टी दिसतो. कोरड्या चौकटीत प्रोग्राम काहीच लिहीत नाही. (तीच किंमत पुन्हा लिहिली तरी पेज डर्टीच होतं, कर्नल मजकूर तपासत नाही, म्हणून ती काळजी आधीच घेतली आहे.) शिवाय डर्टी पेजेस सलग ५१२ च्या पट्ट्यांत येतात. असं का?

दुसरं म्हणजे, पेजमॅप वाचून झाल्यावर आणि बिट पुसण्याआधी एखाद्या थ्रेडने (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या शाखांपैकी एकीने) लिहिलं, तर तो बदल हरवणार ना?

कर्नल ५.१५ आहे.

प्रतिसाद

ताई, ५१२ गुणिले ४ केबी म्हणजे बरोबर २ एमबी. ही ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस आहेत. मोठा सलग अ‍ॅरे दिसला की कर्नल २ एमबीचं एकच पेज देतो. त्याला पेज टेबलमध्ये एकच नोंद आणि सॉफ्ट-डर्टी बिटही एकच. त्यातल्या एका चौकटीत लिहिलं तरी सगळा तुकडा डर्टी. नदी नागमोडी आणि अ‍ॅरे ओळीने मांडलेला, त्यामुळे पात्र जवळपास प्रत्येक तुकड्याला शिवत असणार.

एममॅपने अ‍ॅरेसाठी मेमरी मागितल्या मागितल्या, पहिलं लिखाण होण्याआधी, त्या भागावर मॅडव्हाइज कॉलने नो-ह्यूजपेज (इथे मोठी पेजेस नकोत) असं कर्नलला सांगा. आधीच तयार झालेली मोठी पेजेस त्याने फुटत नाहीत, म्हणून क्रम महत्त्वाचा.

थ्रेडबद्दलची शंका रास्त आहे. ५.१५ वर वाचणं आणि पुसणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, तेवढा वेळ सगळे थ्रेड थांबवावेच लागतील. ६.७ पासून पेजमॅप-स्कॅन नावाचा आयओसीटीएल (फाइलीवर खास काम सांगणारा कर्नल कॉल) आहे. युजरफॉल्टएफडी (पेज फॉल्ट प्रोग्रामला हाताळू देणारी कर्नलची सोय) च्या असिंक राइट-प्रोटेक्टसोबत, म्हणजे फॉल्ट कर्नलनेच परस्पर निस्तरायच्या लेखनबंदीसोबत, तो वापरला, तर बदललेली पेजेस शोधणं आणि ती पुन्हा लिखाणाला बंद करणं एकाच पायरीत होतं. ते मशीन अपग्रेड होण्यासारखं असेल तर तोच मार्ग धरा. एमप्रोटेक्टने स्वतःच पेजेस लिखाणाला बंद करून सिग्नल हँडलरमध्ये फॉल्ट पकडण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. प्रत्येक फॉल्ट सिग्नलमधून फिरतो, आणि बंद पेजमध्ये फाइलीतला मजकूर भरायला रीड कॉल केला तर सिग्नल न येता तो कॉलच एरर देतो.

धागाकर्ती

मनापासून आभार! पट्टे गेले, आता डर्टी पेजेसचा नकाशा काढला की पात्र ओळखू येतं. मशीन सगळ्यांचं असल्यामुळे कर्नल बदलता येणार नाही, पण प्रत्येक टाइमस्टेपच्या शेवटी थ्रेड एकमेकांसाठी थांबतातच, नोंद तिथेच घेईन. फक्त छोट्या पेजेसमुळे टीएलबी (सीपीयूतला पेज टेबलच्या नोंदींचा छोटा साठा) मिस वाढून गणित मंदावलंय. चौकटी ओळीने न मांडता २ एमबीच्या चौरस ठोकळ्यांत मांडल्या, तर मोठी पेजेस ठेवूनही कमी तुकडे डर्टी होतील का? कोणी केलं असेल तर ठोकळ्यांच्या कडांवरच्या शेजारी चौकटींचं वाचन कसं सांभाळलं, ते सांगा.