स्थलांतरितांसोबत काम : प्रशिक्षणार्थी मानसशास्त्रज्ञांना १२ तासांत काय शिकवावं?

केतकी_एनजे
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या एका सामुदायिक क्लिनिकमध्ये डॉक्टरेटच्या प्रशिक्षणार्थींसाठी ६ आठवड्यांचा, आठवड्याला २ तासांचा अभ्यासक्रम आखायचा आहे. येणाऱ्यांत मध्य अमेरिकेतली कुटुंबं आहेत, एच-४ व्हिसावरच्या (नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे मिळणारा) भारतीय स्त्रिया आहेत आणि मुलांकडे राहायला आलेले आईवडीलही. सध्याचा आराखडा म्हणजे दर आठवड्याला एक समाज : सण, धर्म, कुटुंबपद्धती. याहून उपयोगी काय बसेल?

वाटाड्या
हा आराखडा आधी मोडा. त्यातून ‘भारतीयांना घरचं बाहेर बोललेलं चालत नाही’ असली वाक्यं पाठ होतात आणि समोर बसलेल्या बाईला विचारायचंच राहतं.

पहिले दोन आठवडे ‘कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू’ला द्या. डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकन संदर्भपुस्तक) २०१३ साली आलेली ही १६ प्रश्नांची मुलाखत. आधी त्रासाचं वर्णन, मग कारणं आणि आधार, मग आजवर केलेले उपाय, शेवटी आता हवी असलेली मदत. तिची क्षेत्रीय चाचणी ६ देशांत झाली, त्यात आपलं पुणंही होतं.

घोळ कुठे होतो? प्रशिक्षणार्थी प्रश्न फॉर्मसारखे वाचून संपवतात आणि उपचाराच्या आराखड्यात त्यातलं अक्षरही उतरत नाही. म्हणून सुपरव्हिजनमध्ये (वरिष्ठांसोबतच्या आढाव्यात) उपचाराचा आराखडा तपासा : मुलाखतीमुळे त्यात काय बदललं ते दाखवायला लावा. आजींनी ‘छातीत धडधडतं, डोकं जड असतं, पित्त वाढलंय’ सांगितलं तर ते त्यांच्याच शब्दांत फाइलमध्ये जावं. ‘चिंताविकार’ लिहिण्याआधी थायरॉइड, रक्तदाब आणि भारतातून आणलेल्या गोळ्या बघायच्या. तसंच ‘अताके दे नेर्विओस’चं (लॅटिन अमेरिकी लोक ज्याला ‘नसांचा झटका’ म्हणतात ते). घरातल्या वाईट बातमीनंतर किंवा भांडणानंतर आलेलं रडणं, ओरडणं, थरथर याला सरसकट पॅनिक डिसऑर्डर म्हणू नये. झटका कशानंतर आला हे आधी विचारायचं.

सर्वांत जास्त टाळला जातो तो शेवटचा, १६वा प्रश्न : पार्श्वभूमी वेगळी असल्यामुळे आपल्यात गैरसमज होईल असं वाटतं का? विचारणाऱ्यालाच अवघड वाटतं. त्याचा रोल-प्ले तिघांत करा, तिसऱ्याने फक्त बघायचं.

केतकी_एनजे
पटलं. दुभाष्याचं काय? घाईच्या वेळी १३-१४ वर्षांचा मुलगाच आईचं बोलणं सांगतो, असं सर्रास होतं.

दुवा_७
ते थांबवाच. आई मुलासमोर मारहाण किंवा आत्महत्येचे विचार बोलणार नाही. बोललीच तर ओझं मुलावर. शिवाय संघीय निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांना आणीबाणी सोडून अल्पवयीनांकडून दुभाषाचं काम करून घेता येत नाही (अफोर्डेबल केअर अॅक्ट, कलम १५५७).

दुभाष्यासोबत काम करायला पूर्ण एक आठवडा ठेवा. ५० मिनिटांच्या सेशनला ८०-९० मिनिटांची वेळ लावा. आधी १० मिनिटं दुभाष्याशी : आज काय विषय आहे, ‘मी’ वापरूनच बोलायचं, स्वतःहून सल्ला नाही. खुर्च्या त्रिकोणात, नजर क्लायंटकडे, एका वेळी दोन-तीन वाक्यं. क्लायंट दोन मिनिटं बोलली आणि दुभाष्या ‘ती नाही म्हणते’ एवढंच सांगतो, तिथे तिथल्या तिथे थांबवायला शिकवा : ‘तिने जे जे सांगितलं ते सगळं सांगा.’ समाज लहान असेल तर दुभाष्या ओळखीचा निघतो. क्लायंटला आधी विचारा. नको असेल तर दूरच्या गावचा, फोनवरचा.

वाटाड्या
आणि एक आठवडा इमिग्रेशनच्या नियमांना. वकिली शिकवायची नाही, पण ताण कुठून येतो ते कळायला हवं. एच-१बी वाल्याची नोकरी गेली की नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. एच-४ वरच्या जोडीदाराला सरसकट काम करता येत नाही. २०१५ पासून काहींना परवाना मिळतो, तोही बहुधा नवऱ्याचं ग्रीनकार्ड ठरावीक टप्प्यावर आल्यावर. हे माहीत नसलेला थेरपिस्ट तिला ‘एखादी पार्ट-टाइम नोकरी बघा’ म्हणतो आणि ती पुढच्या वेळी येत नाही. आश्रयाचा अर्ज सहसा आल्यापासून एका वर्षात करावा लागतो, म्हणून तशा व्यक्तीला वकिलाकडे लवकर पाठवायचं. न्यायालयासाठीचं मूल्यमापन तिच्या नेहमीच्या थेरपिस्टने करू नये, भूमिका मिसळतात.

नोंदींबद्दल : उपचाराला गरज नसेल तर कागदपत्रांची स्थिती फाइलमध्ये लिहू नये.

दुवा_७
पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी ९ प्रश्नांची प्रश्नावली) वापरणार असाल तर भाषांतर केलेली, तपासलेली आवृत्तीच घ्या. दुभाष्याने जागेवर केलेलं भाषांतर नको. १० गुणांची रेषा (त्यापुढे नैराश्याची शक्यता धरतात) सगळे पाठ करतात. पण एकूण बेरीज ४ आली आणि मरणाच्या विचारांबद्दलच्या ९व्या प्रश्नाला १ असेल, तरी त्याच सेशनमध्ये आत्महत्येबद्दल थेट विचारायचं. सुरक्षा-योजनेत ९८८ (आत्महत्या प्रतिबंधाची अमेरिकन हेल्पलाइन) लिहिताना स्पॅनिशसाठी २ दाबायचं हेही लिहा.