मॉनिटर दोन सेकंद दिसतो आणि काळा पडतो – मदत हवी आहे

अक्षरजुळणी:
नमस्कार मंडळी. पुण्यात नारायण पेठेत माझं घरगुती डीटीपीचं काम आहे. पत्रिका, अहवाल, आणि सध्या एका दिवाळी अंकाची पानं. परवा सकाळी मॉनिटर लावला, नेहमीसारखं चित्र आलं आणि मनात दोन आकडे मोजेपर्यंत काळं झालं. बटण बंद करून परत लावलं की परत दोन सेकंद दिसतं, परत काळं. खालचा हिरवा दिवा मात्र लागलेलाच राहतो.

१७ इंची, जुन्या चौकोनी घाटाचा एलसीडी आहे, १२८० बाय १०२४. केबल बदलून पाहिली, पुतण्याच्या लॅपटॉपला जोडून पाहिला, रडगाणं तेच. जवळच्या दुकानात नेला, तर त्यांनी न उघडताच "पॅनेल गेलंय, याला खर्च करू नका" असं सांगितलं. खरंच पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी काचच, गेली असेल का? स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, सोल्डरिंग कॉलेजात शिकले होते, हात बसलेला नाही.

पेठकर:
एवढ्या जुन्या डब्याला कशाला कवटाळून बसता? नवीन घ्या, वीजही कमी खातो.

अक्षरजुळणी:
पेठकर, घेतला असता. पण स्वस्तातले नवे मॉनिटर १३६६ बाय ७६८ चे. माझ्या जुन्यावर उभ्या १०२४ ओळी आहेत, तिथे ७६८. ए-फोरचं पान उभं लावलं की तळटीप बघायला दर वेळी खाली जावं लागतं. फुल एचडी परवडेल तेव्हा घेईन, पण हे काम आटोपल्यावर. शिवाय माझी श्रीलिपी (मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर) जुन्या मशीनवर आहे, त्याला मॉनिटर जोडायला फक्त जुनं व्हीजीए सॉकेट. तो व्याप आत्ता नको.

रेझिस्टर:
ताई, दुकानदाराचं सोडा. खोलीत अंधार करा, मॉनिटर लावा, काळा पडला की मोबाइलचा टॉर्च काचेला अगदी तिरका धरून बघा. आत पुसट अक्षरं, आयकॉन, काही दिसतंय का तेवढं सांगा. पुढचं त्यावर ठरेल.

अक्षरजुळणी:
अहो, दिसतंय! रीसायकल बिनसुद्धा दिसतंय, नदीच्या तळाशी असल्यासारखं.

रेझिस्टर:
मग पॅनेल जिवंत आहे. चित्र तयार होतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय. तुमच्या काळातल्या मॉनिटरमध्ये उजेडासाठी एलईडी नव्हे, सीसीएफएल म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक ट्यूबा असतात. १७ इंचीत सहसा चार, दोन वर दोन खाली. त्या पेटवायला हजार व्होल्टच्या वर दाब लागतो, तो मॉनिटरच्या आतलं इन्व्हर्टर सर्किट तयार करतं (घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर नव्हे). एखादी ट्यूब नीट पेटली नाही किंवा इन्व्हर्टरला पुरवठा कमी पडला, की संरक्षणासाठी ते एक-दोन सेकंदात सगळंच बंद करतं. तुमचे दोन सेकंद म्हणजे तेच. हिरवा दिवा लागतोय, म्हणजे ५ व्होल्टची बाजू बहुधा ठीक आहे.

ट्यूब किंवा इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मरही गेलेला असू शकतो, पण पहिला संशय पॉवर बोर्डावरच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या उभ्या डब्यांवर. डोकं फुगलंय का बघा.

आता कृपया घाईने वाचू नका. प्लग काढा आणि निदान अर्धा तास थांबा. मेनच्या बाजूला ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला एक जाडा कपॅसिटर दिसेल. आपल्या २३० व्होल्टची डीसी झाल्यावर त्यात सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढला तरी कधीकधी राहतात. मीटर डीसीवर ठेवून मोजा. शिल्लक असतील तर साध्या तारेच्या बल्बच्या दोन वायरी लावून उतरवा, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून आतषबाजी करू नका. आणि उघडा मॉनिटर चालू करून आत हात घालायचा नाही, अगदी "जरा बघते" म्हणूनही नाही.

गुळाचा चहा:
उघडताना पालथा टॉवेलवर ठेवा. कडेला स्क्रू नसतात, नुसते खटके असतात. मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत घालून फिरवा, सुरी घालू नका. ट्यूबच्या वायरी बारीक आणि बहुधा गुलाबी-पांढऱ्या असतात, त्या ओढू नका, कनेक्टर धरा. काढण्याआधी फोटो!

अक्षरजुळणी:
उघडला. दोन खटके तुटले, त्याचं आता काय. मोठा कपॅसिटर मोजला, ४ व्होल्ट, हुश्श. आणि रेझिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच: हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून उभे असलेले ८२० मायक्रोफॅरॅड २५ व्होल्टचे दोन, डोकं भाकरीसारखं टम्म. शेजारचे दोन वरून सपाट आहेत. त्यातला एक काढून पुतण्याच्या मीटरवर मोजला तर ७९० दाखवतोय. मग तो चांगला ना? परत लावू?

रेझिस्टर:
नको. मीटर साठवण मोजतो, आतला रोध नाही. कपॅसिटर वाळत आला की हाच आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. साठवण ठीक दिसते, पण जोराचा करंट मागितला की दम सुटतो. चारही बदला. ८२० मिळाला नाही तर १००० चालेल, व्होल्टेज २५ किंवा जास्त, कमी अजिबात नाही. १०५ डिग्रीचा आणि लो ईएसआर मागा. उंचीही मोजून न्या, नाहीतर मागचं झाकण बसणार नाही. वजाच्या खुणा असलेल्या पट्ट्याची बाजू निगेटिव्ह. उलटा लावलात तर फुटेल.

अक्षरजुळणी:
आज अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं-वह्यांच्या गर्दीतून वाट काढत पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरवर "१००० मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्ट" असं शुद्ध बोलले तर त्यांनी मागे वळून "हजार-पंचवीस काढ रे" अशी हाक दिली. आधी ८५ डिग्रीचेच पुढे केले. १०५ म्हटल्यावर एकदा वर बघितलं आणि वेगळा खोका काढला. चार नग, बारीक सोल्डर तार आणि डिसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा) घेऊन घरी. जुने काढताना एका ठिकाणी तांब्याची पट्टी थोडी उचलली गेली, तिथे वायरीचा तुकडा जोडला.

झाकण न लावता, हात मागे बांधून चालू केला. दोन सेकंद गेले. पाच गेले. चालूच! पण वीस-पंचवीस मिनिटांनी परत काळा. थंड होऊ दिला की पुन्हा तेवढाच वेळ चालतो. आता रडू येतंय.

रेझिस्टर:
रडू नका, ही प्रगती आहे. गार असताना चालतो, तापला की जातो, म्हणजे ड्राय सोल्डरचा, तडा जाऊन सैल झालेल्या सांध्याचा, दाट संशय. प्लग काढून, परत तीच अर्ध्या तासाची शिस्त पाळून, इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरचे पाय खालून भिंगाने बघा. पायाभोवती बांगडीसारखी बारीक काळी रेघ दिसली तर तिथलं जुनं सोल्डर काढून नवीन भरा. ट्यूबच्या कनेक्टरांचे पायही त्याच वेळी करून घ्या.

अक्षरजुळणी:
एक बांगडी सापडली, डावीकडच्या ट्रान्सफॉर्मरला. आईच्या पंचांगाच्या भिंगातून! नवीन सोल्डर भरलं. काल दुपारी तीनला लावलाय, रात्री साडेअकराला मीच बंद केला. अंकाची बावीस पानं झाली. तुटलेल्या खटक्यांच्या जागी सेलोटेप आहे. खालचा डावा कोपरा जरा तांबूस दिसतो, ते काय?

रेझिस्टर:
ट्यूब म्हातारी झालीय, टोकाला आधी तांबूस होते. अंक निघेपर्यंत निघेल. ब्राइटनेस शंभरवर असेल तर सत्तरवर आणा. पुढे कधी ट्यूब काढायची वेळ आली तर फोडू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका, आत पारा असतो.

पेठकर:
सत्तरवर अक्षर दिसतं का नीट? अंक निघाला की धाग्यावर नाव टाका, एक प्रत माझी.