आईला औषधाच्या ट्रायलमध्ये घालायचं का?

तासगावकर_७८
आई ६१ वर्षांची. स्तनात गाठ लागली, ऑपरेशन मिरजेला झालं, रिपोर्टात हर-टू पॉझिटिव्ह प्रकारचा कॅन्सर निघाला. आता केमो, आणि दर २१ दिवसांनी एक इंजेक्शन वर्षभर. पुण्याच्या एका हॉस्पिटलात दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले ट्रायलमध्ये नाव घाला, इंजेक्शन फुकट मिळेल. औषध तेच, फक्त दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं.

मग एका मुलानं २० पानी इंग्रजी कागद हातात दिला. म्हणाला, वाचत बसू नका, शेवटच्या पानावर अंगठा घ्या. आई चौथी शिकलीय, सही येते तिला. तिनं पदराला हात पुसले, पेन मागितलं आणि त्यालाच विचारलं, "यात काय लिवलंय?" त्याला सांगता येईना. मी कागद पिशवीत घातला आणि कोयनेनं सांगलीला आलो.

यंदा अवकाळीनं बाग झोपवली, त्यामुळं फुकट म्हटल्यावर सोडवत नाही. पण आईवर प्रयोग करायला देतोय असंही वाटतं. रात्री झोप नाही.

विट्याचा_पाटील
भावा, नको. दोन गुंठे विक, पण बाजारातलं नेहमीचं इंजेक्शन दे. आई एकच असते.

मिरजेची_सिस्टर
दादा, मी मिरजेची, नर्सिंग मिशन हॉस्पिटलात केलं. गेली ११ वर्षं आयर्लंडमध्ये कॅन्सर वॉर्डला आहे. या अख्ख्या देशाची वस्ती २०२२ साली साडेएक्कावन्न लाख. आपले सांगली-सातारा दोन जिल्हे २०११ लाच ५८ लाख होते! कॅन्सरची मुख्य केंद्रं इथं ८ च, त्यामुळं खेड्यातले पेशंट इथंही दोन-तीन तासांचा प्रवास करून येतात. ट्रायलला इथले पेशंट पुरत नाहीत, म्हणून दुसऱ्या देशांबरोबर मिळून करतात. टेलरएक्स नावाच्या ट्रायलमध्ये अमेरिका, आयर्लंड धरून ६ देशांतल्या १० हजारांवर बायका होत्या. २०१८ ला निकाल आला, की स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात कित्येक जणींना केमो लागतच नाही. आईंचा प्रकार तो नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण त्या बायका हो म्हणाल्या, म्हणून आज माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी जणींचे केस गळत नाहीत.

म्हणून ट्रायलला सरसकट नको म्हणणार नाही. पण तुमच्याकडून ज्या रीतीनं अंगठा मागितला, ते साफ चूक. भारतात २०१९ चे नियम आहेत. माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत लेखी द्यावी लागते, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो, सही झालेल्या कागदाची प्रत तुम्हाला मिळायला हवी. ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट, वर भरपाई. मधेच बाहेर पडायचा हक्क आहे, त्यापायी नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. त्यांच्याकडं सीटीआरआय नंबर मागा. ती सरकारी नोंद कुणालाही ऑनलाइन बघता येते. इथं टाका, मी वाचून सांगते.

कृष्णाकाठ
सही करायच्या आधी फुले योजनेत हे इंजेक्शन बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारा.

तासगावकर_७८
ताई, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. आज फोन केला तर म्हणतात मराठी कागद आहे. मग त्या दिवशी का नाही दिला? आईनं माझ्याकडून वहीत तीन प्रश्न लिहून घेतलेत. या इंजेक्शनानं हृदयावर परिणाम होतो म्हणतात, तर दर तीन महिन्यांचा इको सांगलीत चालेल का? जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? आणि मधेच सोडलं तर उरलेली इंजेक्शनं कुठून आणायची?

मिरजेची_सिस्टर
तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. बाहेर पडल्यावर फुकटचं इंजेक्शन बहुतेक बंदच होतं, मग विकत घ्यावं लागेल. याचं उत्तर त्यांच्याकडून लेखीच घ्या. नीट सांगितलं नाही, तर मराठी कागदावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटचं हित बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर असेल, तिथं लावा. आणि आईंना सांगा, सही स्वतःच करा, अंगठा नको.