आडव्या कॅलॅक्सचा बाक करावा का?

प्रश्न: डोंबिवलीतील आमच्या एका खोलीच्या घरात आयकियाचे ४२ बाय १४७ सेंटिमीटरचे, चार खणांचे कॅलॅक्स नावाचे कपाट उभे आहे. ते खिडकीखाली आडवे ठेवून वर बसण्याची सोय आणि खणांत अंथरुणे, असा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे बाक डळमळता कामा नये. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: कल्पना उत्तम आहे. मात्र याच्या बाहेरच्या जाड फळ्या भरीव नसतात. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी कागदी जाळी असते, त्यामुळे मधोमध मारलेला स्क्रू धरत नाही. वर १८ मिलिमीटरचा प्लायवूड अखंड टाकावा, म्हणजे बसणाऱ्याचा भार उभ्या फळ्यांवर वाटला जाईल. स्क्रू कडेच्या भरीव पट्टीतच घ्यावेत. पाठीमागून भिंतीला पक्के करावे, हे आईंसाठी फार महत्त्वाचे.

उत्तर २: पावसाळ्याचाही विचार करा. आमच्याकडे रोज फरशी पुसताना पाणी खालच्या कडेतून आत शिरले आणि फळीचा कोपरा पावासारखा फुगला. तो वाळल्यावरही पूर्ववत झाला नाही. खाली दोन सेंटिमीटरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या द्या आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. पट्ट्या आणि प्लायवूड धरून उंची सुमारे ४६ सेंटिमीटर होते, म्हणून गादी पातळच शिवून घेईन.